लाखावर एक दाणा

आक्का गेल्यापासून मी पुन्हा भागाकार करू लागलो आहे. लोणावळ्याला आमच्या घरामागून रेल्वेचा रूळ जातो. मालगाडी घाटाकडे निघाली की हळू चालते आणि डब्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलेले आकडे वाचता येतात. त्यांतला एखादा उचलायचा आणि तो कशाकशाने निःशेष तुटतो ते मनातल्या मनात पाहायचे, हा सध्या माझा सकाळचा उद्योग आहे. पुस्तक उघडले तर दोन पानांपलीकडे लक्ष ठरत नाही, आकड्यावर ठरते. समाचाराला येणाऱ्या मंडळींना माझे ओठ हलताना दिसतात. मी नामस्मरण करतो आहे असे समजून ती थोडा वेळ गप्प बसतात आणि उठून जातात. त्यांचा तो समज मी मोडलेला नाही.

आक्का माझी थोरली बहीण. मळवलीच्या स्टेशनावर उतरून भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालत गेले की आमचे गाव लागते. तिथे आमच्या भावकीची तीन घरे एकाच अंगणाभोवती होती. आक्का मराठी चौथीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन वलवणला गेली. तिचा नवरा तिथल्या धरणाच्या कामावर होता. पहिली लढाई संपता संपता तापाची मोठी साथ आली, तीत तो बघता बघता गेला. सासरच्यांनी थोडे दिवस ठेवून घेतले आणि मग आणून सोडले. मी तेव्हा पुण्याहून ट्रेनिंग संपवून लोणावळ्याच्या शाळेत नुकताच लागलो होतो. शनिवारी दुपारची गाडी धरून घरी जात असे.

त्या दिवसांत जो तो तिला पोथी वाचायला सांगे. मीही पुण्याहून एक आणून दिली. तिने ती कपाळाला लावून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "हे हाय तितंच असंल. मला गणित दे. असं दे की लौकर सुटू नये."

मी तिला संख्येचे अवयव पाडायला शिकवले. बाराचे अवयव कोणते, छत्तिसाचे कोणते. सदतिसाला एक आणि स्वतः यांच्याखेरीज कोणीच कसे नाही. पुस्तकात सदतिसासारख्या संख्येला मूळसंख्या म्हणतात. आक्काला ते नाव आवडले नाही. ती तिला एकांडा म्हणे. ज्यांना पुष्कळ अवयव ते गोतवाले. पुढे तिने आणखी एक जात पाडली. ज्या संख्येच्या लहान अवयवांची बेरीज बरोबर तिच्याएवढीच येते, ती भरल्या घरची. सहा तशी आहे, कारण एक, दोन आणि तीन मिळून सहा. अठ्ठावीस तशी आहे. तिसरी कोणती हे शोधण्यात तिने अख्खा एक पावसाळा घालवला. ती पाचशेच्या जरा अलीकडे आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण मी सांगू लागलो की ती हात वर करून मला थांबवी. शेवटी चारशे शहाण्णव तिचा तिने काढला.

आता एक लाख एकाबद्दल.

साथीच्या वेळी माझ्या थोरल्या चुलतीचा, म्हणजे आमच्या काकीचा मुलगाही तापाने पडला होता. काकी अनवाणी महादेवाच्या देवळात गेली आणि नवस बोलली: पोरगा उठला तर तुला लाखोली वाहीन. अख्खे तांदूळ, लाख आणि वर एक. आमच्या अंगणातल्या बायांच्या हातांनी, सगळ्यांच्या सारख्या वाट्याने. वर एक यासाठी की देताना शून्यावर थांबायचे नाही. अकरा, एकशे एक, एक हजार एक अशीच देण्याची रीत. आणि सारखा वाटा यासाठी की मागे एकदा सगळ्यांनी मिळून केलेल्या एका व्रताचे पुण्य नंतर वर्षभर भांडणात निघाले होते.

मुलगा उठला. पुढच्या श्रावणात लाखोली वाहायची ठरली. तांदूळ आमच्याच शेतातला आंबेमोहोर, घरी कांडलेला. कांडताना निम्मा दाणा मोडतो, म्हणून अख्खा तेवढा वेचून काढावा लागतो. ते काम आक्काकडे होते. विधवेने देवाला अक्षता वाहायच्या नाहीत, पण निवडायला हरकत नव्हती. आषाढभर ती पडवीत भिंतीशी सूप घेऊन बसलेली असे. लाख म्हणजे एखादे पोते तरी होईल असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो एका मध्यम पातेल्यात मावला. मला हे फार नवल वाटले. आक्का म्हणाली, "नाव मोटं म्हणून अंग बी मोटं असंल, असं कुटं हाय?"

श्रावण लागला त्या रविवारी सगळ्या बायका वाटे घालायला बसल्या. अंगणात सवाष्णी दहा. काकी, आमची आई, धाकटी चुलती आणि मग सुना. मी पडवीच्या कडेला वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो.

काकी म्हणाली, "धा जणी हाय. धा-धा हजार. झालं."

"आन वरचा येक?" धाकट्या चुलतीने विचारले.

"तो मी वाहते. नवस म्या बोललेय."

"मग तुमचा वाटा येकानं वाडला की, जाऊबाई. सारका कुटं ऱ्हायला?"

"येका दाण्यानं तुझं काय जातंय गं?"

"माझं कशाला जातंय? तुमी बोलला महादेवाला. त्यो इचारंल तुमास्नी."

एक सून म्हणाली, "त्याचे धा तुकडे करा. समद्यांनी येक-येक वाहा."

"मोडला की अक्षता कसल्या? कण्या झाल्या. कण्या वाहायच्या व्हय देवाला?"

सगळ्या हसल्या. काकी हसली नाही. तिचा मुलगा उंबऱ्यात बसून भाकरी खात होता आणि त्याला त्या दिवशी साधे पडसे झाले होते. त्याच्या प्रत्येक शिंकेला काकी मान वळवून बघत होती. नवसात बोललेला शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होईल, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

"मास्तर," ती मला म्हणाली, "येवडा शिकलास. सांग की काय तरी."

मी तोंड उघडण्याआधी आक्काचा आवाज आला. ती सुपातले तांदूळ बोटाने सरकवत होती. "मास्तर, अकराची कसोटी काय असती रं?"

मी शाळेत उत्तर देतो तसे देऊन टाकले. एक आड एक आकडे घ्यायचे. पहिला, तिसरा, पाचवा यांची एक बेरीज. दुसरा, चौथा, सहावा यांची दुसरी. दोन्ही सारख्या आल्या तर संख्येला अकराने पुरता भाग जातो. एक लाख एकामध्ये दोन एक आहेत, दोन टोकांना. मध्ये नुसती शून्ये. एक या बेरजेत पडतो, दुसरा त्या बेरजेत. "म्हणजे जातो," मी म्हणालो. "अकरा वाटे केले तर प्रत्येकीला नऊ हजार एक्क्याण्णव. बाकी काही उरत नाही."

हे बोलून झाल्यावर मी वर पाहिले. दहाजणींनी मनातल्या मनात अंगणातल्या बाया मोजल्या होत्या आणि सगळ्यांची मोजणी एकाच ठिकाणी, भिंतीशी येऊन थांबली होती. आक्काने मान वर केली नाही. अकराची कसोटी तिला माझ्याइतकीच पाठ होती. तिने ती खरेच विसरून विचारली की कसे, हे मी तिला पुढे कधी विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही.

"इंदुरीची माझी भाची येईल," काकी म्हणाली. "ती सवाष्ण हाय. अकरा होतील."

"ती आपल्या अंगणातली न्हाई," धाकटी चुलती म्हणाली. तिला आक्काची कड घ्यायची होती की जावेला अडवायचे होते, कोण जाणे. दोन्ही असेल.

"मग पोरी धरा. तीन पोरी हायेत."

दहा आणि तीन तेरा. मी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. तेराने पाच दाणे उरत होते.

"येकच पोर घ्या, अकरा हुतील."

"आन दोघींनी काय केलंय?" त्या दोघी तिथेच उभ्या होत्या आणि त्यांनी लगेच रडायची तयारी केली.

"बरं, समद्याच घ्या. ही बी आन पोरी बी," कोणीतरी म्हणाले. ते चौदा झाले असते. मी सांगितले की चौदा सम आहे आणि एक लाख एक विषम, तिथे भाग जायचे नावच नको.

काकी उठली. "उद्या बगू," म्हणाली आणि गोठ्याकडे गेली. थोड्या वेळाने तिने मला तिथे बोलावून घेतले.

"तुज्या भनीचं मी वाईट चिंतत न्हाई," ती म्हणाली. "पर तिचा हात लागला आन माझ्या पोराला काय झालं तर?"

मी म्हणालो, "आणि वाटा कमीजास्त झाला, आणि काही झालं तर?"

"ते बी हायच." तिने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "मला येक सांग. दुसरं कसंच जमत न्हाई हे खरं हाय का? का भन म्हणून सांगतुयास?"

"खरं आहे."

"महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून सांगशील?"

"सांगेन."

हे मी आक्काला सांगितले तेव्हा ती खूश होईल असे मला वाटले होते. तिने सूप बाजूला ठेवले आणि विचारले, "दुसरं कसंच, असं बोलली काकी?"

"हो."

"मग हात ठेवायच्या आदी पुरतं बगू या. अकरानं भाग जातो, कबूल. पर त्यो नऊ हजार एक्क्याण्णव आतून फुटला तर? मग वाटे घालायच्या आणिक रीती निगतील."

मी म्हणालो, "आक्का, तो फुटला तरी, समजा, सातने फुटेल नाहीतर सत्तेचाळिसाने. सातने एक लाख एकालाच भाग जात नाही, सहा उरतात. आणि सत्तेचाळीस बाया आपल्या अंगणात कुठून येणार? घरापुरतं उत्तर मिळालं आहे."

"तिनं घरापुरतं न्हाई इचारलं. कसंच म्हंजे कसंच." मग ती म्हणाली, "चुकून कुणी आत घेतलेलं नगं मला."

तेव्हा आम्ही पाटी घेऊन बसलो. बाहेर पाऊस लागला होता. नऊ हजार एक्क्याण्णव ही संख्या एकांडी आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. सगळ्या आकड्यांनी भागून पाहायची गरज नाही, हे आक्काला लगेच पटले. एकांड्यांनाच तेवढे विचारायचे. गोतवाले त्यांच्यातूनच झालेले असतात. पण कुठपर्यंत जायचे, हे मी तिला दोनदा सांगितले तरी तिचे समाधान होईना. मी म्हणालो, पंचाण्णवपर्यंत. पंचाण्णवाला पंचाण्णवाने गुणले की नऊ हजार पंचवीस होतात. शहाण्णवाला शहाण्णवाने गुणले की आपल्या संख्येच्या पुढे जातो.

"आन शंभराच्या वरचा येकांदा आकडा तिला फोडत असंल तर?"

"तर त्याचा जोडीदार पंचाण्णवाच्या आतला असेल. दोघेही मोठे असून भागणार नाही, गुणाकार बाहेर जाईल."

ती पाटीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "म्हंजे जोडीतला येक तरी धाकटा असायचाच. त्यो गावला न्हाई तर थोरला बी न्हाई."

"बरोबर."

"लय ब्येस हाय हे," ती म्हणाली. नवरा गेल्यानंतर तिला कशाबद्दल तरी असे बोलताना मी पहिल्यांदा ऐकले.

दोन, तीन आणि पाच यांना पाहताक्षणी काढून टाकले. साताने पाच उरले. अकराने पुन्हा पाच. तेराने चार. पाढे ती म्हणत होती, मी लिहीत होतो. सतरा, एकोणीस, तेवीस. एकोणतीसचा पाढा तिला नव्हता येत; तीसचा म्हणून ती प्रत्येक वेळी मागे येई. धाकटी चुलती पाण्याची घागर घेऊन जाता जाता म्हणाली, "अजून त्याचंच चाललंय? त्यो दाणा आता उगवून यील."

"आला तर लावणीला या," आक्का म्हणाली.

एकोणसाठने पाच उरले. एकसष्टचा भागाकार करताना मी एकशे एकोणपन्नास लिहिले, गुणून पाहिले आणि नऊ हजार एकोणनव्वद आले. दोनच उरत होते. आक्का हसली. "दोन दाण्यांनी वाचलो," म्हणाली. एकाहत्तरने तीन उरले. त्र्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी. शेवटी एकोणनव्वद. एकशे दोन वेळा गेला, तेरा उरले.

त्याच्यापुढे सत्त्याण्णव, तो आमच्या हद्दीबाहेरचा.

नऊ हजार एक्क्याण्णव एकांडा होता. म्हणजे एक लाख एकाचे सारखे वाटे करायला अकरा, नऊ हजार एक्क्याण्णव आणि खुद्द एक लाख एक यांखेरीज दुसरी कोणतीही संख्या, या अंगणात किंवा पृथ्वीवर कुठेही, चालणार नव्हती. आक्काने पाटी पुसली नाही. तिने भागाकार पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतले. सत्तेचाळिसाच्या ठिकाणी मी वजाबाकीत चूक केली होती. वीस उरायचे ते मी तीस लिहिले होते. तिने ते दुरुस्त केले आणि मगच म्हणाली, "आता जा. ठेव हात."

दुसऱ्या दिवशी पहाटेच, मी गाडीला निघण्याआधी, काकी, मी आणि गुरव असे तिघेच देवळात होतो. गुरव म्हातारा होता. त्याला सगळे आबा म्हणत. मी पिंडीवर हात ठेवला आणि सांगितले की लाखावर एकाचे सारखे वाटे अकरा बायांतच पडतात, आणि हे मी बहिणीसाठी रचलेले नाही. कसे ते आबालाही समजावू लागलो.

"भागाकार मला नगं सांगू," आबा म्हणाला. "शेवटाला ते तांदूळ मला रांधून खायाचे हायती. येक दाणा कमी पडला तरी मी तक्रार करणार न्हाई."

काकीने विचारले, "आबा, तिचा हात चालंल का देवाला?"

आबाने निर्माल्य गोळा केले. मग म्हणाला, "रुद्र अकरा हायेत. अकरा बाया आल्या तर मी कुणाला दारात अडवणार न्हाई. पुढचं तुझं तू बग. नवस माझा न्हाई."

काकीने पिंडीला नमस्कार केला. घरी आल्यावर तिने पळसाच्या पानांचे द्रोण मागवले आणि पडवीत एका रांगेत मांडायला सुरुवात केली. धान्याची मोजदाद असली की आमच्याकडे पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती मोठ्याने मोजत गेली: "लाभ, दोन, तीन." दहावर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उंबऱ्यातून तिचा मुलगा बघत होता. मग तिने आणखी एक द्रोण उचलला, भिंतीशी गेली, आक्काच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "अकरा. नीट मोज. तुला मोजता येतंय, समद्यांस्नी सांगत फिरत असतीस."

मोजणीला आठवडा गेला. पाच-पाच दाण्यांची चिमूट, वीस चिमटींचे शंभर. बाकीच्या बायका मध्येच बोलण्यात चुकत आणि पुन्हा सुरुवात करत. आक्का एकदाही चुकली नाही असे म्हणता येणार नाही. तीन वेळा चुकली आणि त्या तिन्ही वेळा काकीनेच तिला पकडले. काकी तिच्याच शेजारी बसत होती. विश्वास नव्हता म्हणून बसत असेल. पण बसत होती.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी रजा टाकून थांबलो. गाभारा लहान. बायका वयाच्या क्रमाने एकेक आत जात होत्या, पुरचुंडी सोडून तांदूळ ओंजळीत घेत आणि पिंडीवर सोडत. काकी पहिली गेली आणि तिथेच पिंडीजवळ थांबली. आक्काचा क्रम मधला होता. ती आत गेली तेव्हा दारातल्या दोघी-तिघी जरा मागे सरल्या. पाऊस होता, सगळ्यांचे हात ओले होते. आक्काने ओंजळ रिकामी केली, पुरचुंडी झटकली आणि नमस्कारासाठी हात जोडू लागली.

"थांब," काकी म्हणाली.

मी दारातून पाहत होतो. मला वाटले, आता काहीतरी होणार. काकीने आक्काचे मनगट धरले, तळहात उजेडाकडे वळवला आणि नखाने दाखवले. करंगळीच्या मुळाशी एक दाणा चिकटून राहिला होता.

"त्यो टाक," ती म्हणाली. "तुझ्या वाट्याचा हाय. नऊ हजार नव्वदच व्हतील न्हाईतर."

आक्काने तो दाणा टाकला. काकीने मनगट सोडले, पण लगेच नाही.

यानंतर आमच्या अंगणात सगळे बदलले असे मी लिहिणार नाही. हळदीकुंकवाला आक्काला कोणी बोलावले नाही. लग्नकार्यात ती मागच्याच दारी असे. काकीचा मुलगा मात्र त्या पडशातून बरा झाला. परवा तोही मला भेटून गेला; त्याचे केस आता पांढरे झाले आहेत.

आक्काने एक लाख एकाला सोडले नाही. देवळातून परत येतानाच तिने विचारले की अकरा, एक हजार एक आणि एक लाख एक यांना अकराने भाग जातो, मग एकशे एकाला आणि दहा हजार एकाला का जात नाही. बांधावरून चालता चालता तिचे तिलाच उत्तर सुचले: एकशे एकात दोन्ही एक एकाच बेरजेत पडतात, दुसरीत काहीच येत नाही. मग तिने लाखाचे गोत मोजले. लाखाला छत्तीस अवयव आहेत. त्यातला लाख सोडून बाकीच्यांची बेरीज लाखाच्या पुष्कळ वर जाते, जवळजवळ दीडपट. आणि त्याच लाखावर एक दाणा टाकला की चारच अवयव उरतात, आणि लहानांची बेरीज येते नऊ हजार एकशे तीन. मी म्हणालो, एका दाण्याने एवढा श्रीमंत माणूस भिकेला लागला. ती म्हणाली, "भिकेला कशाचा? गोत तुटलं, पर त्याला कुणी फसवून वाटून घेऊ शकत न्हाई." मी त्यावर बराच विचार केला आहे. शेजारच्या दोन संख्यांचे स्वभाव इतके वेगळे का असावेत, हेच मी आता डब्यांवरच्या आकड्यांत शोधत असतो. बेरीज सरळ एकेका पायरीने चढत जाते, आणि भागाकार प्रत्येक पायरीवर नवे घर दाखवतो.

लाखोलीनंतर गौरी-गणपतीच्या सुमारास इंदुरीची ती भाची आली. तिला बातमी लागली होतीच. बायका पडवीत वाती वळत बसल्या होत्या. आक्का भिंतीशी तांदूळ निवडत होती. भाची थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलली आणि मग काकीला म्हणाली, "आत्या, असं कसं केलंत? मला सांगावा धाडला असता तर मी आले नसते का? लोकं काय म्हणत्यात ठावं हाय का?"

काकी वात वळत राहिली. "काय करणार बाई," ती म्हणाली. "आकडाच तसा हाय. आमच्या मास्तरानं पुरता शोधून काढलाय. अकराबिगर कशानंच भाग जात न्हाई त्याला."

"कशानंच न्हाई?"

"कशानंच न्हाई. पिंडीवर हात ठेवून सांगितलंय त्यानं."

भिंतीकडून आक्का म्हणाली, "येकानं जातो, काकी."

काकीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. "मग पुढल्या खेपंला तू येकटीच वाहा," ती म्हणाली. "लाख आन वर येक. आमी बसतो गप्पा मारत."

आक्का इतकी हसली की सुपातले तांदूळ खाली सांडले, आणि इंदुरीची भाची ते वेचायला तिच्याजवळ जाऊन बसली.